परत मागावयाचे पैसे

सरकारी दप्तरात 'वसुली' हा शब्द जितक्या वेळा येतो, तितक्या वेळा क्वचितच दुसरा एखादा शब्द येत असेल. सारा वसूल होतो, दंड वसूल होतो, थकबाकी वसूल होते, आणि चुकून जास्त दिला गेलेला भत्ताही वसूल होतो. मूळ अरबीत 'वुसूल' म्हणजे पोचणे. पैसा जेथे पोचावयास हवा तेथे तो पोचला, एवढाच या शब्दाचा अर्थ. तो कोठे पोचावयाचा हे शब्दात सांगितलेले नाही. तरीही आपण सर्वजण ते गृहीत धरतो. रयतेकडून तिजोरीकडे, हीच वसुलीची दिशा. उलट दिशेच्या प्रवासाला, म्हणजे अधिकाऱ्याने अन्यायाने घेतलेला पैसा रयतेच्या हाती पुन्हा जाण्याला, आपल्याकडे तितका रुळलेला शब्द नाही. 'परतावा' आहे, परंतु परतावा हा ज्याच्याकडे पैसा आहे त्याने द्यावयाचा असतो. मागणाऱ्याचा हक्क त्या शब्दातून बोलत नाही.

मागणाऱ्याचा हक्क बोलून दाखविणारा शब्द प्राचीन रोममध्ये निर्माण झाला होता. त्याची जन्मकथा आणि त्याच्या अर्थात पुढे झालेला पालट हा आजच्या भाषणाचा विषय आहे. हा पालट केवळ भाषेचा नाही. ज्याचा पैसा गेला त्याचे काय झाले, याचा तो इतिहास आहे.

तो शब्दप्रयोग असा: 'पेकुनिआए रेपेतुंदाए'. 'पेकुनिया' म्हणजे पैसा. गुरेढोरे या अर्थाच्या 'पेकुस' शब्दापासून तो झाला, आणि हा 'पेकुस' आपल्या 'पशु' शब्दाचा भाऊबंद आहे. 'रेपेतेरे' म्हणजे परत मागणे. 'रेपेतुंदाए' हे त्या क्रियापदाचे जे रूप आहे, त्याचे भाषांतर करताना पुष्कळ भाषांना चार-पाच शब्द खर्च करावे लागतात. मराठीला ती अडचण नाही. करावयाचे काम, द्यावयाचे देणे, तसे हे 'परत मागावयाचे पैसे'. या नावात एक गोष्ट विशेष आहे. घेणाऱ्याने काय केले हे ते सांगतच नाही. त्याने लाच घेतली, दमदाटी केली, नजराणा स्वीकारला की धान्य पाडून घेतले, याविषयी ते मौन पाळते. ज्याचा पैसा गेला त्याने काय करावयाचे, एवढेच ते सांगते.

या कथेचा आरंभ इ. स. पू. १७१ मध्ये होतो. त्या वर्षी स्पेनच्या दोन्ही प्रांतांचे वकील रोमच्या सीनेटपुढे आले. रोमन अधिकाऱ्यांचा लोभ आणि उद्दामपणा यांविषयी त्यांनी गाऱ्हाणे मांडले, आणि रोमच्या मित्रांची शत्रूंपेक्षा अधिक वाईट लूट होऊ देऊ नये अशी गुडघे टेकून विनवणी केली, असे इतिहासकार लिव्ही सांगतो. सीनेटने प्रेटर लुकिउस कानुलेयुस याला आज्ञा केली की, ज्या ज्या अधिकाऱ्याकडून हे लोक पैसे मागतात त्या प्रत्येकासाठी पाच पाच न्यायपंच नेमावेत आणि तक्रारदारांना आपले कैवारी निवडू द्यावेत. या पंचांना 'रेकुपेरातोरेस' म्हणत, म्हणजे गेलेले परत मिळवून देणारे. कैवाऱ्यांत कॅटोसारखा करडा पुरुषही होता.

निकाल काय लागला? एका अधिकाऱ्याची सुटका झाली. उरलेले दोघे निकालापूर्वीच रोम सोडून जवळच्या प्रेनेस्ते आणि तिबूर या गावी जाऊन राहिले. पुढे आणखी मोठ्या माणसांची नावे निघणार अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा कानुलेयुसने चौकशी अर्धवट टाकली, सैन्यभरती उरकली आणि तो आपल्या प्रांताकडे निघून गेला. घडले त्यावर पडदा टाकून सीनेटने पुढच्यासाठी नियम केले. रोमन अधिकाऱ्याने धान्याचा भाव स्वतः ठरवू नये, आणि पैसा गोळा करण्यासाठी स्पॅनिश लोकांच्या गावांवर आपले अंमलदार बसवू नयेत, असे ते नियम होते. भविष्यकाळासाठी नियम मिळाले. गेलेला पैसा मात्र मिळाला असे लिव्ही सांगत नाही. राज्यकारभाराचा ज्यांना अनुभव आहे त्यांना या प्रसंगात काही अपरिचित वाटू नये.

तरीही त्या दिवशी एक तत्त्व मान्य झाले होते. जिंकलेला माणूस जेत्याच्या अधिकाऱ्याकडून आपला पैसा परत मागू शकतो, हे ते तत्त्व होय. बावीस वर्षांनी, इ. स. पू. १४९ मध्ये, त्याला कायमचे न्यायालय लाभले. लुसितानियाच्या लोकांना अभयाचे आश्वासन देऊन ज्याने त्यांची कत्तल केली, तो सेनानी गाल्बा त्याच वर्षी मुलाबाळांना लोकांपुढे उभे करून आणि अश्रू ढाळून शिक्षेतून सुटला होता. वृद्ध कॅटोने त्याच्याविरुद्ध आवाज उठविला, पण तो व्यर्थ गेला. त्याच वर्षी लुकिउस कल्पुर्निउस पिसो या ट्रिब्यूनने कायदा करवून परत मागावयाच्या पैशांसाठी स्थायी न्यायालय स्थापन केले. रोमचे हे पहिले स्थायी फौजदारी न्यायालय होय असे इतिहासग्रंथांत लिहिलेले असते. परंतु आरंभी त्याचे काम फौजदारी नव्हतेच. जितके घेतले तितके परत करा, एवढाच त्याचा मुख्य आदेश असे. न्यायाधीश मात्र सीनेटरच असत, म्हणजे आरोपीचे भाऊबंद.

हा दोष गायस ग्राकसच्या काळी, इ. स. पू. १२३-१२२ च्या सुमारास, दूर करण्याचा प्रयत्न झाला. त्या वेळच्या कायद्याचा मोठा भाग ब्राँझच्या पत्र्याच्या तुकड्यांवर कोरलेला आजही उपलब्ध आहे. या कायद्याने मित्रराष्ट्रातील कोणाही माणसाला, स्वतःसाठी किंवा आपल्या राजासाठी आणि लोकांसाठी, दावा लावण्याचा अधिकार दिला. न्यायाधीशांची ४५० जणांची यादी तयार करावयाची, तीत सीनेटर किंवा त्यांचे निकटचे नातलग असता कामा नयेत, आणि तीतून एका खटल्यासाठी ५० जण निवडावयाचे. प्रत्येकाने मत द्यावयाचे ते लाकडाच्या लहानशा पट्टीने. एका बाजूस दोषी ठरविणारे अक्षर, दुसऱ्या बाजूस सोडणारे. पट्टी टाकताना बाहू उघडा असावा आणि अक्षर मात्र बोटांनी झाकलेले असावे, इतका तपशील कायद्यात आहे. मत गुप्त राहावे, पण मत देणारा हात सर्वांना दिसावा, अशी ही योजना होती.

दोषी ठरलेल्याने दुप्पट रक्कम द्यावयाची. त्याने जामीन द्यावेत. न दिल्यास त्याची मालमत्ता ताब्यात घेऊन विकावी. आलेला पैसा खजिन्याच्या अधिकाऱ्यामार्फत ज्याचा त्याला वाटावा. आणि तो सर्वांना पुरला नाही तर प्रत्येकाच्या दाव्याच्या प्रमाणात विभागावा. निकालपत्रावर सही झाली म्हणजे न्याय झाला, असे या कायद्याच्या कर्त्याने मानलेले नाही. पैसा लुबाडल्या गेलेल्याच्या हाती पडेपर्यंतचा मार्ग त्याने आखून दिला. थोड्याच वर्षांनी ग्लाउकिया याच्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. दोषी अधिकाऱ्याच्या घरात पैसा सापडला नाही, तर तो ज्याच्याकडे जाऊन पोचला असेल त्याच्याकडूनही तो मागता येऊ लागला. पुढे इ. स. पू. ५४ मध्ये, इजिप्तच्या राजाला गादीवर बसविण्यासाठी मोठी रक्कम घेतल्याबद्दल गाबिनिउस दोषी ठरला आणि त्याची मालमत्ता पुरेना, तेव्हा याच कलमाखाली राबिरिउस पोस्तुमुस या सावकाराला न्यायालयात खेचण्यात आले.

यंत्र इतके चांगले होते. पण यंत्र चालविणारे हात बदलले की तेच यंत्र उलट फिरते. ४५० जणांची जी यादी झाली तीत धनिक वर्गाचा भरणा होता, आणि आशिया प्रांतातील कराचे मक्तेही याच वर्गाकडे होते. पुब्लिउस रुतिलिउस रुफुस या सचोटीच्या माणसाने तेथे अधिकारावर असताना मक्तेदारांच्या जुलमापासून लोकांचे रक्षण केले. इ. स. पू. ९२ मध्ये याच न्यायालयाने त्याला लूट केल्याबद्दल दोषी ठरविले. त्याची सारी मालमत्ता विकली तरी ठरविलेली रक्कम भरून निघेना. रोम सोडून तो ज्या प्रांताला लुटल्याचा आरोप होता त्याच प्रांतात राहावयास गेला, आणि तेथील लोकांनी त्याचे आदराने स्वागत केले. ज्यांचा पैसा 'परत मागावयाचा' होता, त्यांनी तो मागितलाच नव्हता.

इ. स. पू. ७० मधील व्हेरेसचा खटला सर्वांत प्रसिद्ध. तीन वर्षे सिसिलीचा सुभेदार असलेल्या या माणसाविरुद्ध सिसेरोने फिर्याद चालविली. पुराव्यासाठी त्याने ११० दिवसांची मुदत मागितली होती. ५० दिवसांत बेट पालथे घालून तो परत आला. त्याच्या पहिल्याच भाषणात दोन गोष्टी आहेत, त्या मन लावून ऐकण्यासारख्या आहेत. व्हेरेस म्हणे सांगत असे की, आपल्या तीन वर्षांपैकी पहिल्या वर्षाची कमाई आपल्यासाठी, दुसऱ्या वर्षाची आपल्या वकिलांसाठी आणि तिसऱ्या, सर्वांत भरघोस वर्षाची न्यायाधीशांसाठी आहे. यावरून सिसेरो म्हणतो की, आता परदेशी प्रजाच हा कायदा रद्द करा अशी मागणी घेऊन येईल. कायदा नसता तर सुभेदार स्वतःपुरते आणि मुलांपुरतेच लुटील. कायदा आहे म्हणून त्याला न्यायाधीशांना पुरेल इतके लुटावे लागते.

व्हेरेस निकालाची वाट न पाहता मार्सेय येथे निघून गेला. सिसेरोने ४ कोटी सेस्टर्सची मागणी केली होती. प्लुटार्कने दिलेला आकडा त्याच नाण्यात मांडला तर प्रत्यक्ष ठरलेली रक्कम सुमारे ३० लाख भरते. भाषणे आज सर्व जगात वाचली जातात. सिसिलीतील शेतकऱ्याला मागितलेल्या रकमेच्या तुलनेने अल्पच मिळणार होते.

यानंतर कायदा अधिकाधिक कडक होत गेला. इ. स. पू. ५९ मध्ये ज्यूलिअस सीझरने केलेल्या कायद्याची कलमे शंभराहून अधिक होती. सुभेदाराने प्रांत सोडताना आपल्या हिशेबाची एक एक प्रत तेथील दोन शहरांत ठेवावी आणि एक रोमच्या खजिन्यात द्यावी, हा त्यातील नियम कोणाही हिशेबनिसाला पटेल असाच आहे. सिसेरो स्वतः सिलिशियाचा सुभेदार झाला तेव्हा त्याने लाओडिसिया आणि आपामिया येथे आपले हिशेब ठेवले. परंतु कायदा जसजसा वाढला तसतसा 'रेपेतुंदाए' या शब्दाचा अर्थ सरकत गेला. पूर्वी तो मागणाऱ्याची कृती सांगत असे. आता तो घेणाऱ्याच्या गुन्ह्याचे नाव झाला. दोषी माणसाने हद्दपार व्हावे, त्याची अप्रतिष्ठा व्हावी, त्याने सीनेटमध्ये बसू नये, याकडे लोकांचे डोळे लागले. शिक्षा मोठी झाली म्हणजे पुरावा मोठा हवा, वकील मोठे हवेत, वर्षे मोजावी लागणार. गुन्हेगाराचे काय करावे या प्रश्नाने लुबाडलेल्या माणसाला मागे रेटले.

ही गोष्ट ऑगस्टसच्या ध्यानात आली असावी. लिबियातील सायरीनी येथे एक ग्रीक शिलालेख सापडला आहे. त्यात इ. स. पू. ४ मधील सीनेटचा एक ठराव दिला आहे. दूरदूरच्या प्रांतांतून साक्षीदार येतात, त्यांत गरीब असतात, आजारी असतात, वृद्ध असतात, आणि त्यांना फार त्रास सोसावा लागतो, अशी कबुली त्यात प्रथम दिली आहे. मग सोय केली आहे ती अशी: ज्यांना अधिकाऱ्याला देहान्ताच्या किंवा तशा गंभीर आरोपाखाली आणावयाचे नाही, केवळ आपला पैसा परत हवा आहे, त्यांचा दावा पाच सीनेटरांच्या पंचांपुढे चालवावा आणि तो ३० दिवसांत निकालात काढावा. स्पेनच्या वकिलांना मिळाले होते तेही पाचच पंच. दीडशेहून अधिक वर्षांनंतर रोमन राज्य पुन्हा मूळ अर्थाकडे वळून पाहत होते.

आता शब्दाचे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदू लागले, आणि त्यांतील फरक इ. स. १०० च्या सुमाराच्या दोन खटल्यांत स्वच्छ दिसतो. दोन्हींत प्लिनी हा फिर्यादींचा वकील होता. आफ्रिकेचा सुभेदार मारिउस प्रिस्कुस याने निरपराध माणसांना शिक्षा देण्यासाठी, त्यांचे प्राण घेण्यासाठीदेखील, पैसे घेतले होते. त्याने चतुराईने आरोप मान्य केला आणि आपल्याला त्या साध्या पंचांपुढे उभे करावे, अशी विनंती केली. रक्कम परत केली की सुटका, असा त्याचा हिशेब. गरीब फिर्यादींसाठी उघडलेल्या दारातून धनवान आरोपी बाहेर पडू पाहत होता. प्लिनी आणि इतिहासकार टॅसिटस यांनी ते होऊ दिले नाही. सम्राट ट्राजनच्या अध्यक्षतेखाली सीनेटने त्याला इटलीतून हद्दपार केले, आणि त्याने घेतलेले ७ लाख सेस्टर्स भरावयास लावले. परंतु ते कोठे? सरकारी खजिन्यात! ज्युव्हेनल या उपहासकवीने हद्दपारीतही चैन करणारा मारिउस आणि खटला जिंकूनही दुःखी राहिलेला प्रांत यांचे चित्र शेजारी शेजारी काढले, ते उगाच नव्हे.

दुसरा खटला स्पेनमधील बेतिका प्रांताच्या क्लासिकुसचा. हा तर खटल्यापूर्वीच मेला. शिक्षा करण्यास माणूसच उरला नाही. परंतु त्याच्या हातचे हिशेब सापडले, कोणत्या कामासाठी किती घेतले याची नोंद त्यात होती. सीनेटने ठरविले की, प्रांतात जाण्यापूर्वी त्याची जी मालमत्ता होती ती त्याच्या मुलीला द्यावी, उरलेली सर्व ज्यांना लुबाडले त्यांना द्यावी, आणि त्याने सावकारांना फेडलेला पैसादेखील परत मागवावा. पहिल्या खटल्यात गुन्हेगाराला शिक्षा झाली. दुसऱ्यात मुख्य गुन्हेगाराला शिक्षा झालीच नाही, पण पैसा घरी गेला. यांत अधिक न्याय कोठे झाला, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

आपल्या देशाच्या परंपरेतही हा प्रश्न अपरिचित नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, अधिकाऱ्यांनी गिळलेल्या महसुलाच्या 'प्रत्यानयना'वर स्वतंत्र अध्याय आहे. प्रत्यानयन म्हणजे परत आणणे. अर्थात राजाच्या कोशात. अपहाराचे चाळीस प्रकार तेथे मोजले आहेत. परंतु त्याच अध्यायात कौटिल्य आणखी एक आज्ञा देतो. त्या अधिकाऱ्याच्या कार्यक्षेत्रात दवंडी पिटवावी की, ज्यांना ज्यांना याच्याकडून उपद्रव झाला त्यांनी कळवावे. आणि जे कळवतील त्यांना झालेल्या हानीच्या मानाने भरपाई देववावी. कोशासाठी लिहिलेल्या या अध्यायात रयतेसाठी एक दार उघडे ठेवलेले आहे. तक्रारदाराने राजधानीपर्यंत चालत यावे अशी येथे अपेक्षा नाही. राज्यानेच त्याच्या गावात जाऊन विचारावे अशी आहे.

व्हेरेसची सावली पुढे आपल्याच भूमीवर पडली. १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांना नजराणे घेण्याची बंदी झाली होती. १७८८ मध्ये वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग सुरू झाला तेव्हा एडमंड बर्कच्या डोळ्यांपुढे सिसेरोचा आदर्श होता. बनारसचा चेतसिंग, अयोध्येच्या बेगमा, नजराणे, सारे प्रकरण सात वर्षे चालले. १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला आणि कंपनीने त्याला सालिना ४,००० पौंडांचे वर्षासन दिले. परंतु तो दोषी ठरला असता तरी बेगमांचा पैसा त्यामुळे परत आला नसता. महाभियोगाचे प्रयोजन शिक्षा हे होते. बर्कने सिसेरोचे वक्तृत्व घेतले. ज्या कायद्यापुढे सिसेरो बोलला, त्यातील 'परत मागावयाचे' हे पद मात्र त्या मांडणीत नव्हते.

ते पद आपल्या कायद्यात आले ते निराळ्या दाराने. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७२ वे कलम सांगते की, चुकीने किंवा जबरदस्तीने ज्याला पैसा दिला गेला त्याने तो परत केला पाहिजे. कायद्याविषयीच्या चुकीने सरकारला भरलेला करही यात येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये बनारसच्या एका विक्रीकराच्या खटल्यात ठरविले. पुढे १९९६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने त्याला मर्यादा घातली. व्यापाऱ्याने कराचा भार गिऱ्हाइकावर टाकला असेल, तर परतावा त्याला मागता येणार नाही. कारण पैसा खरोखर त्याचा गेलेलाच नाही. रोमन कायदेपंडितांना हा प्रश्न ओळखीचा वाटला असता. पैसा कोणाचा गेला, आणि तो पोचला कोठे?

शेवटी एका शब्दाविषयी सांगून थांबतो. लॅटिन 'रेपेतेरे'चा अर्थ परत मागणे, तसाच पुन्हा म्हणणे असाही आहे. आपण रोज वापरतो तो 'तक्रार' हा शब्दही मूळ अरबीत पुनरुक्ती, पुन्हा पुन्हा म्हणणे, याच अर्थाचा आहे. दोन दूरच्या भाषांनी एकच अनुभव नोंदवून ठेवलेला दिसतो: गेलेले परत हवे असेल त्याला एकदा सांगून भागत नाही. तक्रारीच्या नोंदवहीत 'निकाली' असा शेरा आम्ही सरकारी नोकर लिहितो, तेव्हा चौकशी झाली, अधिकाऱ्याला ताकीद मिळाली किंवा त्याची बदली झाली, एवढेच बहुधा त्या शेऱ्यामागे असते. स्पेनचे वकील रोमला आले होते ते कानुलेयुसने चौकशी करावी एवढ्यासाठी नव्हे. त्यांना त्यांचे पैसे हवे होते. शेरा लिहिण्यापूर्वी तेवढे एकदा विचारून पाहावे: ज्याचे गेले, त्याला मिळाले काय?